त्वचा-घर्षक प्रसाधने आणि समाजमाध्यमांवरील शिफारशी : विसंबावे किती?

समाजमाध्यमांवरून सौंदर्यप्रसाधनांची शिफारस करणारा 'इन्फ्लुएन्सर' हा नवा वर्ग आज आपल्या व्यवसायावर प्रत्यक्ष परिणाम करीत आहे. त्वचेवरील मृत पेशींचा थर काढून टाकणारी 'एक्सफोलिएटिंग' प्रसाधने हा या मंडळींचा विशेष आवडीचा विषय. मोबाइलवरील चित्रफीत दाखवून 'हीच बाटली द्या' म्हणणारा ग्राहक प्रथम औषध विक्रेत्यासमोर उभा राहतो. चेहऱ्याची आग होऊ लागली की तोच रुग्ण म्हणून वैद्यांकडे येतो. म्हणून या शिफारशींचे मोल दोघांनीही तपासणे अगत्याचे आहे.

या प्रसाधनांचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात खरखरीत कणांचे घर्षण असते. दुसऱ्यात ग्लायकोलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक यांसारखी आम्ले पेशींमधील बंध सैल करतात. आम्लाचा परिणाम केवळ टक्केवारीवर नव्हे, तर द्रावणाच्या पीएचवर आणि ते त्वचेवर किती वेळ राहते यावरही अवलंबून असतो. अमेरिकेतील प्रसाधन-घटकांचे परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने घरगुती वापरासाठी ग्लायकोलिक व लॅक्टिक आम्लांची मर्यादा १० टक्के आणि पीएच किमान ३.५ अशी सांगितली असून उन्हापासून संरक्षणाचीही अट घातली आहे. याउलट 'द ऑर्डिनरी' या कंपनीचे समाजमाध्यमांवर गाजलेले रक्तवर्णी द्रावण ३० टक्के अल्फा हायड्रॉक्सी आम्ले आणि २ टक्के सॅलिसिलिक आम्ल असलेले आहे. ते १० मिनिटांपेक्षा अधिक ठेवू नये आणि संवेदनशील त्वचेवर वापरू नये, असे कंपनीच सांगते. चित्रफितीत मात्र लाल माखलेला चेहरा लक्षात राहतो, अट राहत नाही. आपल्याकडील सावळ्या त्वचेत दाहानंतर उमटणारे काळे डाग कित्येक महिने टिकतात, ही बाब येथे विशेष महत्त्वाची.

स्तुतीप्रमाणे निंदाही तपासून घ्यावी लागते. अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीने त्वचेला सूक्ष्म चिरा पडतात, हे मत समाजमाध्यमांवर जणू सिद्धान्त म्हणून फिरले. 'सेंट आइव्हज' स्क्रबविरुद्ध २०१६ साली अमेरिकेत याच मुद्द्यावर दावा दाखल झाला; पुरेशा पुराव्याअभावी २०१८ साली तो फेटाळला गेला. याचा अर्थ खरखरीत घर्षण सर्वांस हितकर ठरले असा नव्हे. वारंवार उच्चारलेले मत म्हणजे पुरावा नव्हे, एवढाच.

आपल्या शास्त्राची याबाबतची शिस्त स्मरणीय आहे. सुश्रुताचार्यांनी क्षाराचे मृदु, मध्य व तीक्ष्ण असे भेद केले, लावल्यानंतर शंभर मात्रा थांबण्याचा काळ सांगितला, त्यानंतर अम्ल द्रव्याने शमन सांगितले आणि गर्भिणी, दुर्बल, रक्तपित्ती आदींना क्षार निषिद्ध ठरविला. क्षारकर्म आणि प्रसाधन एक नव्हेत. परंतु तीव्रता, काल, शमन आणि अपात्र व्यक्ती हे चार प्रश्न दोन्हीकडे सारखेच लागू पडतात. उद्वर्तनातही स्नेहरहित चूर्णाचे उद्घर्षण आणि सस्नेह कल्काचे उत्सादन असा भेद टीकाकार डल्हणाने केला आहे. रूक्ष त्वचेला आणि स्निग्ध त्वचेला एकच उटणे चालत नाही, ही जाण त्यामागे आहे.

इन्फ्लुएन्सरला एकाच त्वचेचा, बहुधा थोड्या दिवसांचा अनुभव असतो. प्रसाधनाचा गंध, स्पर्श, किंमत, वापरातील सोय यांबाबत त्याचे मत उपयोगी पडू शकते. ते दुसऱ्याच्या त्वचेस मानवेल काय, हे त्याला सांगता येणार नाही. त्यात मोबदल्याचा प्रश्न आहेच. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे, भेटवस्तू वा विनामूल्य उत्पादन मिळाले असल्यास ते उघड करावे लागते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या शिफारशीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत, तर पुनरावृत्तीबद्दल ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ऑगस्ट २०२३ च्या सूचनांनुसार आरोग्यविषयक शिफारस करणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकाने आपली अर्हता सांगणेही अपेक्षित आहे. आयुर्वेदीय उटणी व लेप यांची शिफारस समाजमाध्यमांवरून करणाऱ्या वैद्यांनाही हे नियम लागू आहेत. 'नैसर्गिक' या एका शब्दाने त्यांतून सुटका होत नाही.

औषध विक्रेत्यांनी अशी बाटली देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : त्वचेवर सध्या जखम, पुरळ वा दाह आहे काय, रेटिनॉइड किंवा अन्य आम्लयुक्त औषध चालू आहे काय, उन्हात किती वेळ जातो. एकाही उत्तराने शंका आल्यास विक्री थांबवून वैद्यांकडे पाठवावे. वैद्यांनीही चेहऱ्यावरील दाहाच्या रुग्णाला आहारविहाराबरोबरच चेहऱ्याला काय, किती दिवस आणि कोणाच्या सांगण्यावरून लावले, हे आवर्जून विचारावे आणि केसपेपरवर नोंदवावे. ही नोंद नसेल, तर प्रसाधनाने झालेला दाह पित्तप्रकोप समजून त्याची चिकित्सा चालू राहील आणि त्याला कारण ठरलेली बाटली रुग्णाच्या घरी तशीच वापरात राहील.