तरावीह : देहाला चलन, मनाला सोबत

सरसगडाच्या पायथ्याचे पाली असो वा कोकणातले दुसरे गाव, मुले नोकरीसाठी मुंबईला किंवा आखातात गेली की कित्येक घरांत म्हातारी माणसेच उरतात. रमजानमध्ये मात्र तरावीहसाठी त्यांचे पाय मशिदीकडे वळतात.

नमाज ही इबादत आहे, व्यायाम नव्हे. तरीही वीस रकातींत वीस रुकू आणि चाळीस सजदे होतात. वाकण्या-उठण्याने सांधे मोकळे राहतात. ‘तरावीह’ या शब्दातच विश्रांती आहे. दर चार रकातींनंतर थोडे थांबायचे असते. नमाजनंतर विचारपूस होते, एकटेपण हलके होते.

गुडघे साथ देत नाहीत म्हणून काही बुजुर्ग मशिदीत येणेच सोडतात. उभे राहता येत नसेल तर बसून नमाज अदा करण्याची सवलत शरीयतने दिली आहे. वार्धक्यामुळे रोजाच झेपत नसेल तर फिदया आहे. मधुमेहींनी औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवाव्यात आणि इफ्तारपूर्वी दमवणारे श्रम टाळावेत.

जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल सुचवते. मशिदीची पायवाट त्यातच धरावी. एखादे बुजुर्ग दोन दिवस सफमध्ये दिसले नाहीत, तर तरुणांनी त्यांचे दार जरूर ठोठवावे.