पवित्र जीवन फक्त झग्यातच असतं का?

पवित्र जीवन जगायचं तर फादर नाहीतर सिस्टर व्हायला हवं, असं केवळ ख्रिस्ती नसलेल्यांनाच वाटतं असं नाही. दर रविवारी मिस्सेला जाणारेही सहज म्हणतात, ‘आम्ही प्रापंचिक माणसं, आम्हाला कुठलं जमायला!’ या बोलण्यात नम्रता असते, तशी अंग काढून घेण्याची सोयही असते.

वसईचंच उदाहरण घ्या. संत गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत. वडील पोर्तुगीज, आई इथली. त्यांच्या नावाचं कॉलेज वसईत आहे, तरी ते धर्मगुरू असावेत असं अनेकजण धरून चालतात. ते धर्मगुरू नव्हतेच. तरुणपणी त्यांनी पूर्वेकडच्या बंदरांत व्यापार केला. जपानी भाषा त्यांना येत होती. पुढे मनिलात ते फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर झाले आणि दुभाषे म्हणून जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने त्यांना क्रुसावर मारण्यात आलं. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिलं. त्यांच्याबरोबर मारलेल्या २५ जणांत बहुसंख्य साधे जपानी गृहस्थ होते. एक स्वयंपाकी होता आणि १२ वर्षांचा एक मुलगाही.

यावर कोणी म्हणेल, हौतात्म्य ही वेगळीच गोष्ट. रोजच्या संसारात कुठली आली पवित्रता? फ्रान्समधले लुई आणि झेली मार्टिन हे नवरा-बायको १८ ऑक्टोबर २०१५ रोजी एकाच विधीत संत घोषित झाले. नवरा घड्याळजी, बायको लेस विणून घेण्याचा धंदा सांभाळणारी. नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. पवित्रतेचं पाचारण सगळ्यांनाच आहे, हे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट नोंदवलं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांना हे नवं नव्हतं. चांभाराचं किंवा आईचं काम धर्मगुरूच्या कामाइतकंच देवाचं, असं मार्टिन ल्यूथर सोळाव्या शतकातच सांगत होता.

पवित्र माणूस चुकत नाही आणि त्याला शंका शिवत नाही, हाही असाच एक समज. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र लिहिलं, त्याच्या सुरुवातीलाच तो तिथल्या सगळ्यांना पवित्र जन म्हणतो. पुढे पानोपानी त्यांची खरडपट्टी काढतो: तट पाडता, एकमेकांना कोर्टात खेचता, प्रभुभोजनाला एक उपाशी राहतो तर दुसरा झिंगतो! मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी कित्येक वर्षं आतला अंधार सोसल्याचं उघड झालं. काहींना ते ढोंग वाटलं. मला मात्र त्या पत्रांमुळे त्यांचं पहाटे उठून कामाला लागणं जास्त मोठं वाटतं.

सत्कर्मं करून स्वर्गाची कमाई करायची, हा हिशेब तर कुठल्याच प्रमुख चर्चला मान्य नाही. तारण ही देवाची कृपा आणि सत्कर्मं हे तिचं फळ, एवढ्यावर कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी १९९९ मध्ये ऑग्सबर्गला सह्या केल्या. शतकानुशतकांचं भांडण होतं ते.

राहिला ईस्टरआधीचा उपवासकाळ. मटण-मच्छी सोडली की झालं, असं घरोघरी चालतं. येशूने उपवास नाकारला नाही. पण तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून, कोणाला कळणार नाही असा करा, असं सांगितलं. यशया संदेष्टा तर त्याच्याही आधी भुकेल्याला आपल्यातली भाकर वाटून द्यायला सांगतो. येशू ज्या जक्कय जकातदाराच्या घरी उतरला, त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं. त्याने उपवास केला की नाही, याबद्दल शुभवर्तमानात एक अक्षर नाही.