उन्हाच्या गावात ट्रफलची पेटी

१० मे १९६६ रोजी गुरुग्राममध्ये, म्हणजे तेव्हाच्या गुडगावात, पारा ४९ अंशांवर गेला होता. २०२२ च्या मे महिन्यात तो पुन्हा ४८.१ पर्यंत चढला. कोको बटर वितळतं ३४ अंशांच्या आसपास. जिभेवर ठेवताच चांगलं चॉकलेट विरघळतं ते याच गुणामुळे, आणि कुरिअरच्या गाडीत त्याचा चिखल होतो तोही याच गुणामुळे. त्यामुळे या शहरात घरपोच ट्रफल मागवायची, तर ब्रँडच्याही आधी महिना पाहावा लागतो. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ त्यासाठी खरा.

नेमक्या याच काळात इथे पेट्यांचा पूर येतो. कंपन्यांच्या कचेऱ्यांतून भेटी निघतात, बिलासपूर-तावडू रस्त्यावरची गोदामं रात्रंदिवस चालतात. डेल्हिवरी आणि ब्लिंकिट या कंपन्यांची मुख्यालयंही इथलीच. माल दारात पोहोचवण्याची इतकी सोय देशात थोड्याच शहरांत असेल. पण सोय म्हणजे ताजेपणा नव्हे, आणि ट्रफलचा जीव ताजेपणात असतो.

ट्रफलचा गाभा म्हणजे गनाश. गरम साय चॉकलेटवर ओतून, घोटून, थंड करून केलेला मऊ गोळा. सायीबरोबर पाणी येतं आणि पाण्याबरोबर खराब होण्याची शक्यता. खव्याचा पेढा आपण ज्या दक्षतेने घेतो, तीच इथे हवी. कोणतंही संरक्षक न घालता केलेलं सायीचं ट्रफल दोन-तीन आठवडेच आपली चव राखतं. मग वर्षभराची मुदत छापलेली ‘ट्रफल’ कशी टिकतात? घटकांची यादी वाचा. अशा पुष्कळ पेट्यांत साय नसतेच; तिच्या जागी पाम किंवा नारळाचं तेल, साखर आणि कोको पावडर असते. ते खायला वाईट असेलच असं नाही, पण ट्रफलची किंमत त्याला देऊ नये.

भारतीय नियमांनुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज इतर वनस्पती स्निग्धांश ५ टक्क्यांपर्यंतच चालतो, आणि तो असेल तर लेबलवर तसं लिहावं लागतं. सारण भरलेल्या चॉकलेटमध्ये बाहेरच्या चॉकलेटचं वजन एकूण वजनाच्या किमान २५ टक्के हवं. ‘कंपाउंड’ हा मात्र निराळा पदार्थ. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तूप असतं, म्हणून तो उन्हात बऱ्यापैकी तग धरतो. पेटी न वितळता आली, एवढ्यावरून माल उत्तम ठरत नाही.

हा कच्चा माल येतो कुठून, याचं उत्तर मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे. बॅरी कॅलेबॉ ही जगातली मोठी चॉकलेट पुरवठादार कंपनी बारामतीत चॉकलेट आणि कंपाउंड, दोन्ही बनवते. गुरुग्रामच्या एखाद्या कारागिराने घोटलेल्या ट्रफलमध्ये पुणे जिल्ह्यात तयार झालेलं चॉकलेट असणं सहज शक्य आहे. त्यात कमीपणा काही नाही. कारागिराचं कसब गनाशमध्ये दिसतं, आणि त्याने चॉकलेट कुठलं वापरलं ते तो मोकळेपणाने सांगत असेल, तर तो विश्वासाला पात्र आहे असं मी मानते.

पेटीचा जन्मही रक्षणासाठीच झाला. ब्रसेल्सच्या नॉयहाउस घराण्याने १९१२ मध्ये सारण भरलेली चॉकलेटं विकायला काढली. कागदी पुड्यांत ती चेंगरत, म्हणून १९१५ मध्ये पुठ्ठ्याची पेटी आली. आज मखमल, चुंबकाचं झाकण आणि सोनेरी फीत यांवरच निम्मा खर्च झाल्यासारखा दिसतो. एक ट्रफल साधारण १० ते १५ ग्रॅमचं असतं. म्हणजे बारा नगांच्या भल्याथोरल्या पेटीत ऐवज दीडशे ग्रॅमच्या आसपास. निव्वळ वजन पाहून शंभर ग्रॅमचा भाव काढावा. २०२४ च्या अखेरीस कोकोचा भाव न्यूयॉर्कमध्ये टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला होता. त्यामुळे खरं चॉकलेट स्वस्त मिळणार नाही. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, हेही बिल पाहताना लक्षात ठेवावं.

साठवणुकीकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, हे महाराष्ट्राने २००३ च्या ऑक्टोबरात पाहिलं. दिवाळी तोंडावर असताना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला कॅडबरीच्या काही वड्यांत अळ्या आढळल्या. दोष दुकानांतल्या साठवणुकीचा, असं कंपनीचं म्हणणं होतं. तरी २००४ च्या सुरुवातीला तिने वेष्टनच बदललं. वेष्टनाची जबाबदारी शेवटी बनवणाऱ्यावरच येते, हा त्यातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग.

ऑनलाइन मागवलेला खाद्यपदार्थ हाती येताना त्याची ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, अशी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची अपेक्षा आहे. एकवीस दिवसांच्या ट्रफलला हे ३० टक्के म्हणजे जेमतेम सहा दिवस! म्हणून मोठ्या बाजारपेठेच्या गोदामातून न मागवता थेट बनवणाऱ्याकडून मागवा. फोन करून विचारा: कधी बनवलं, साय आहे का, पेटीत थंड जेलच्या पिशव्या घालता का. सोमवारी निघेल असं पाहा, म्हणजे रविवार गोदामात जाणार नाही. सोसायटीच्या फाटकावर पेटी उन्हात पडू नये म्हणून घरी कुणीतरी असेल अशीच वेळ द्या. बनवल्याची तारीख जो सांगत नाही, त्याची पेटी कितीही देखणी असली तरी घेऊ नका.