जाणारा मेल आणि पासवर्ड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘आपल्याच हापिसातला सर्व्हर हाय, त्याला पासवर्ड कशाला?’ हा सवाल राजारामपुरीतल्या कुठल्याही नंबरच्या गल्लीत ऐकू येईल. सीए असो, क्लासवाले असोत की शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांना माल पुरवणारा व्यापारी, कोटेशन आणि बिलं मेलवरच जातात. ज्यांनी स्वतःच्या डोमेनसाठी स्वतःचा मेल सर्व्हर ठेवला आहे, त्यांच्याकडे तो कधीतरी कुणीतरी बसवून दिलेला असतो आणि चालतोय तोवर त्याला कुणी हात लावत नाही.

सवाल अगदीच वेडगळ नाही. मेल पोचवण्याची पद्धत, म्हणजे एसएमटीपी, १९८२ साली ठरली तेव्हा तिच्यात पासवर्डची सोयच नव्हती. नेटवर्कवरची मंडळी एकमेकांच्या ओळखीची होती. कुणाचाही मेल कुणीही पुढे ढकलायचा. अशा उघड्या सर्व्हरला ‘ओपन रिले’ म्हणतात. स्पॅमवाल्यांनी त्याचा इतका फायदा उठवला की मार्च १९९९मध्ये पासवर्ड विचारण्याची जोड, एसएमटीपी ऑथ, अधिकृतपणे द्यावी लागली.

ऑफिसातल्या नेटवर्कवर डोळे झाकून विश्वास ठेवण्यात धोका असा, की एका पीसीत व्हायरस शिरला तर सर्व्हरच्या दृष्टीने तोही घरचाच. पोस्टफिक्स हा लोकप्रिय मेल सर्व्हर पूर्वी आसपासच्या सगळ्या मशीनना आपोआप विश्वासू मानायचा, २०१५च्या ३.० आवृत्तीपासून तो फक्त स्वतःच्याच मशीनला मानतो. पण जुनी सेटिंग्ज जशीच्या तशी उचलून नव्या मशीनवर ठेवली, तर जुना विश्वासही सोबत येतो.

याच्या उलटं टोकही पाहायला मिळतं: ‘मग सगळीकडेच पासवर्ड सक्तीचा करा!’ पोर्ट २५वर तसं केलं की बाहेरून येणारा मेल बंद. पुण्याच्या बँकेचा सर्व्हर तुम्हाला मेल देतो तेव्हा त्याचं तुमच्याकडे खातं कुठलं असणार? ऑफिसात टपाल आणून देणाऱ्या पोस्टमनकडे आपण ओळखपत्र मागत नाही. पण ऑफिसच्या लेटरहेडवर बाहेर पत्र जाणार असेल तर पाठवणारा कोण, हे बघतोच. म्हणून दारं वेगळी ठेवतात. पोर्ट २५ दुसऱ्या सर्व्हरांसाठी: तिथे पासवर्ड नाही, पण मेल फक्त आपल्या डोमेनसाठीचा घ्यायचा. आपल्या माणसांसाठी ५८७ किंवा ४६५, आणि तिथे पासवर्डशिवाय एकही मेल नाही. ४६५ जुनाट झाला, असं अजून बरेच जण सांगतात. जानेवारी २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट मानकाने नेमकी त्याचीच शिफारस केली आहे, कारण तिथलं बोलणं पहिल्या अक्षरापासून टीएलएस या कूटलेखनाने झाकलेलं असतं.

हे झाकणं महत्त्वाचं, कारण ‘ऑथ लावलं म्हणजे पासवर्ड गुप्त झाला’ हा समज साफ चुकीचा आहे. नेहमीच्या ‘प्लेन’ आणि ‘लॉगिन’ पद्धतींत पासवर्ड बेस६४मध्ये जातो. ती नुसती अक्षरांची वेगळी मांडणी. कुणीही क्षणात उलटी करेल. टीएलएस सुरू झाल्याशिवाय सर्व्हरने पासवर्ड स्वीकारताच कामा नये, आणि पोस्टफिक्समध्ये त्यासाठी एका ओळीचं सेटिंग आहे. पोस्टफिक्स स्वतः पासवर्ड तपासत नाही, हेही इथेच सांगायला हवं. ते काम तो डव्हकॉट किंवा सायरसकडे सोपवतो. नुसता पोस्टफिक्स टाकून ‘लॉगिन का होत नाही’ म्हणून डोकं धरून बसलेल्यांचं उत्तर बहुधा यातच असतं.

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारा समज पुढचा आहे: पासवर्ड देऊन पाठवला म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव खरंच असणार. तसं मुळीच नाही. लॉगिन एका नावाने करून ‘प्रेषक’ म्हणून दुसऱ्याच सहकाऱ्याचा पत्ता घालता येतो. ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पैसे इथे भरा’ असा मेल मालकाच्या पत्त्यावरून गेला, तर समोरचा खरेदी विभाग शंका कशाला घेईल? त्यावर उपाय म्हणजे कोणत्या लॉगिनला कोणता पत्ता वापरता येईल याची यादी, पोस्टफिक्सच्या भाषेत ‘सेंडर लॉगिन मॅप’, आणि ती न जुळल्यास नकार. यादी दहा मिनिटांत होते. तरी ती करत नाहीत.

ऑथ लावलं म्हणून तुमचे मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडतील, असंही नाही. बाहेरच्या सर्व्हरला तुमच्या पासवर्डाचा पत्ताच नसतो. तो एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या डोमेनची ओळख पटवणाऱ्या खुणा पाहतो. चोरीला गेलेला पासवर्ड तर तुमच्याच सर्व्हरमधून रीतसर स्पॅम पाठवतो आणि सर्व्हर काळ्या यादीत जातो. म्हणून प्रत्येक खात्याला ताशी मेलची मर्यादा हवी, आणि लॉग जपायला हवेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार ते १८० दिवस ठेवायचे आहेत आणि ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवायच्या आहेत.

तुमच्याकडे सर्व्हर असेल, तर तो सांभाळणाऱ्याला आजच फोन करून दोन चाचण्या घ्यायला सांगा. बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवरून, पासवर्ड न देता, तुमच्या पोर्ट २५मार्फत परक्या पत्त्यावर मेल पाठवून बघायचा; ‘रिले अ‍ॅक्सेस डिनाइड’ असं उत्तर यायला हवं. मग स्वतःच्या लॉगिनने, पण मालकाच्या पत्त्यावरून. दोन्हींपैकी एकही मेल गेला, तर दुरुस्ती होईपर्यंत बिलं पाठवणं थांबवा.