पोतोसीचे हिणकस रियाल

टांकसाळीत सगळ्यात जोखमीचा हुद्दा पारख्याचा. पोतोसीत तो चांदीच्या लगडीचा चिमूटभर तुकडा तोलून घ्यायचा आणि शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या वाटीत तापवायचा. वितळलेले शिसे तांबे-बिंबे सोबत घेऊन राखेत मुरते. मागे चांदीचा मणी उरतो. तो पुन्हा तोलला की कस कळला. ९३ टक्क्यांच्या किंचित वर, हा नियम. मग कातरीने कापलेल्या, हातोड्याने ठोकलेल्या त्या ओबडधोबड नाण्यावर पारख्याचे अक्षर उमटे. त्या अक्षराच्या भरवशावर आठ रियालचे नाणे जगभर चाले. सुरतेला पोचलेले असे रियाल मुघल टांकसाळीत आटवून त्यांचे रुपये पाडत.

पोतोसी आजच्या बोलिव्हियात, सुमारे चार हजार मीटर उंचीवर. १५४५ मध्ये इथल्या सेरो रिको डोंगरात चांदी सापडली. १५७०च्या दशकात स्पेनच्या राजाची टांकसाळ उभी राहिली. खाणीत वेठीला धरून आणलेले स्थानिक आदिवासी, टांकसाळीत आफ्रिकेतून आणलेले गुलाम.

हुद्दे राजाच विकायचा. कच्ची चांदी विकत घेऊन टांकसाळीत आणणारे सावकार-व्यापारी वेगळेच, आणि पैसा खेळायचा तो त्यांच्या हातात. ज्याचा माल तपासायचा त्याच्याच पैशाखाली पारखी दबलेला असला, तर कसाचे काय होणार? १६४०च्या दशकात चांदीत तांबे वाढत गेले. पारखी फेलिपे रामिरेझ दे अरेयानो आणि बडा व्यापारी फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा ही त्यातली दोन मुख्य नावे.

युरोपातल्या सराफांनी पोतोसीची नाणी नाकारायला सुरुवात केली, तेव्हा स्पेनचा राजा चौथा फेलिपे याने चौकशीसाठी फ्रान्सिस्को दे नेस्तारेस मारिन या धर्मगुरूला पाठवले. १६४८च्या अखेरीस तो पोतोसीत पोचला. १६५० मध्ये रामिरेझ आणि रोचा दोघांनाही गळा आवळून मारण्यात आले.

त्यांचा गुन्हा मोठाच होता. पण पारख्याला व्यापाऱ्याच्या मुठीत देणारी व्यवस्था राजाच्या तिजोरीसाठीच चालत आली होती, आणि तिला कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही, हे मला जास्त खुपते. भुर्दंड पडला तो नाणी बाळगणाऱ्यांवर: हिणकस नाण्यांची किंमत हुकमाने उतरवली गेली. नव्या पारख्याच्या, त्यातल्या त्यात बऱ्या नाण्यांवर मुकुटाचा जादा ठसा मारून तीही आठाऐवजी साडेसात रियालना चालवली.

१६५२ पासून ठसाच बदलला. लाटांवर उभे दोन खांब, आणि पारख्याचे अक्षर व वर्ष एकाच नाण्यावर एकाहून अधिक ठिकाणी. कडेचा तुकडा कातरला गेला तरी जबाबदार कोण हे वाचता यावे असे.