गेमिंग संगणक जोडताना : आधी मेळ, मग मोल



दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्या औराद तालुक्यातील बऱ्याच घरांत एक मागणी पुढे येते. मुलाला किंवा मुलीला संगणक हवा असतो. त्यावर अभ्यास होईल, टॅली शिकता येईल, व्हिडिओ एडिटिंग करता येईल, आणि हे जरा हळू आवाजात सांगितले जाते, की गेमही खेळता येतील. गेमिंग लॅपटॉपची किंमत ऐकून वडील गप्प होतात. मग मुले म्हणतात, "सुटे भाग आणून घरीच जोडला तर त्याच पैशांत जास्त ताकदीचा संगणक होतो." मुलांचे हे म्हणणे बरोबर आहे. अट एकच, सगळे भाग एकमेकांशी जुळले पाहिजेत.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडजवळ राहणाऱ्याला चुकीचा भाग दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन दाखवता येतो. चिंताकी, संतपूर किंवा कमालनगरच्या माणसाला ती सोय नाही. आपल्याला जवळची मोठी संगणक बाजारपेठ म्हणजे सिकंदराबादचे चेनॉय ट्रेड सेंटर. बिदरहून हैदराबादच सुमारे दीडशे किलोमीटर, त्यात आपल्या गावापासून बिदरपर्यंतचा प्रवास वेगळा. ऑनलाइन मागवले तर बहुतेक ठिकाणी वस्तू नादुरुस्त असेल तरच बदलून देतात. "आमच्या बोर्डात बसत नाही" हे कारण सहसा चालत नाही. म्हणून आपल्याकडे जुळवाजुळवीचे काम पैसे देण्याआधी, घरी बसून, कागदावर झाले पाहिजे.

आम्ही नोकरीची सगळी वर्षे बँकेत कर्जाची प्रकरणे तपासण्यात घालवली. पहाणी पत्रकावरचे नाव, आधारवरचे नाव आणि पासबुकावरचे नाव एकच असावे लागते. तिन्ही कागद आपापल्या जागी खरे असले तरी एकमेकांशी जुळले नाहीत तर प्रकरण अडते. संगणकाचेही तसेच आहे. प्रत्येक भाग चांगल्या कंपनीचा असूनही संगणक सुरू होत नाही, असे होऊ शकते. कोणता मेळ कुठे तपासायचा, ते क्रमाने पाहू.

१. काम आणि मॉनिटर आधी ठरवा

खरेदीची सुरुवात प्रोसेसरपासून करू नये. आधी मुलांना विचारा, कोणते गेम खेळणार? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, माइनक्राफ्ट असे हलके गेम असतील तर वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेताही सुरुवात करता येते. त्यासाठी रायझन ५ ५६००जी सारखा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा. कार्ड पुढे पैसे जमल्यावर बसवता येते. नवे मोठे गेम खेळायचे असतील तर मात्र कार्ड लागतेच. कमी खर्चात फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० चा मॉनिटर पुरेसा होतो. त्याहून मोठ्या रिझोल्यूशनचा घेतला तर कार्डही महागडे लागते.

घरात जुना मॉनिटर असेल तर त्याच्या मागे पाहा. फक्त निळ्या रंगाचे, पंधरा पिनांचे व्हीजीए सॉकेट असेल, तर आजच्या ग्राफिक्स कार्डांना ती वायर लागत नाही. त्यांना एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असते. कन्व्हर्टर मिळतो, पण त्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

२. प्रोसेसर आणि मदरबोर्ड

प्रोसेसर मदरबोर्डावर ज्या जागी बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडीचे सध्या चालणारे सॉकेट दोन आहेत, एएम४ आणि एएम५. इंटेलच्या १२ व्या, १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना एलजीए१७०० सॉकेट लागते. एका सॉकेटचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. जोर लावला तर पिना वाकतात, आणि पिना वाकलेला भाग वॉरंटीत घेत नाहीत.

सॉकेट जुळले म्हणजे काम झाले असेही नाही. एएम४ सॉकेटवर रायझन प्रोसेसर २०१७ मध्ये आले, आणि त्याच सॉकेटचा रायझन ५ ५६०० हा २०२२ मध्ये आला. बी४५० जातीचे बोर्ड मात्र २०१८ पासूनचे आहेत. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डात तेव्हाचा बायोस असतो, आणि त्या बायोसला चार वर्षांनी आलेला प्रोसेसर ओळखता येत नाही. पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. घरचे लोक समजतात बोर्ड खराब आहे. इंटेलमध्येही जुन्या बोर्डावर १४ व्या पिढीचा प्रोसेसर बसवताना हीच अडचण येते.

यावर तीन उपाय आहेत. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक बोर्डाची प्रोसेसर यादी असते. त्यात आपला प्रोसेसर आणि त्याला लागणारी बायोस आवृत्ती पाहावी. दुकानदाराकडून बायोस अपडेट करूनच बोर्ड घ्यावा. किंवा ज्या बोर्डावर प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करण्याचे बटण आहे, तो घ्यावा.

नावाच्या शेवटचे अक्षरही वाचावे. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल, जसे आय३-१२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसते. रायझन ५ ५६०० मध्येही नसते, ५६००जी मध्ये असते. ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर घेऊन "कार्ड पुढच्या वर्षी घेऊ" असे ठरवले, तर वर्षभर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

३. रॅम

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन जातींची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसत नाही. एएम४ बोर्डाला फक्त डीडीआर४, एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते. घोळ होतो तो इंटेलच्या एलजीए१७०० मध्ये. तिथे काही बोर्ड डीडीआर४ चे तर काही डीडीआर५ चे असतात, आणि नावात एखाद्या अक्षराचाच फरक असतो. बोर्डाचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय रॅम मागवू नये. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती नेहमीच्या डेस्कटॉप बोर्डात बसत नाही.

१६ जीबी हवी असेल तर १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्या मिळून वेग वाढतो, आणि कार्ड नसलेल्या संगणकात हा फरक गेममध्ये स्पष्ट जाणवतो. बोर्डावर चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या बसवतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, तेव्हा जुन्या व्हिडिओत सांगितलेल्या किमतीवर बजेट बांधू नये. त्याच दिवशीचा भाव विचारावा.

४. एसएसडी

एम.२ नावाची छोटी एसएसडी दोन प्रकारची येते, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्या. बोर्डावरची एम.२ ची जागा कधी दोन्ही घेते, कधी फक्त एनव्हीएमई. शक्यतो एनव्हीएमईच घ्यावी. ती वेगवानही असते आणि आजच्या बोर्डांवर बसण्याची खात्रीही असते.

५. पॉवर सप्लाय आणि घरची लाइट

दुकानात ज्याला एसएमपीएस म्हणतात तो भाग लोक सर्वांत शेवटी आणि उरलेल्या पैशांत घेतात. आपल्या भागात तर त्यावर सर्वांत आधी विचार व्हायला हवा.

बेरीज सोपी आहे. रायझन ५ ५६०० चे ६५ वॅट, रेडिऑन आरएक्स ६६०० कार्डाचे १३२ वॅट, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंख्यांचे मिळून ५०-६० धरा. एकूण अडीचशेच्या आसपास. या कार्डासाठी एएमडीने किमान ४५० वॅटचा पॉवर सप्लाय सांगितला आहे. आम्ही ५५० वॅटचा, '८० प्लस ब्राँझ' प्रमाणपत्र असलेला घ्या असे सांगू. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ५०० वॅटचे स्टिकर असते, पण त्यावर कार्डाचा भार टाकू नये.

वायरीही मोजाव्यात. बोर्डाला २४ पिनांची, प्रोसेसरला ४+४ पिनांची आणि कार्डाला बहुधा ६+२ पिनांची वायर लागते. शेवटच्या दोन्ही आठ पिनांच्या असल्या तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही. सुट्या होणाऱ्या वायरींचा पॉवर सप्लाय असेल तर दुसऱ्या पॉवर सप्लायच्या वायरी त्याला कधीही लावू नयेत. टोक बसते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि त्यात भाग जळतात.

आता घरची लाइट. यूपीएसवर जो 'व्हीए'चा आकडा असतो तो वॅटचा नव्हे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. वरचा संगणक आणि मॉनिटर मिळून तो काठावर येतो, म्हणून १००० व्हीएचा घ्यावा. त्यावर लाइट गेल्यावर खेळत बसायचे नसते. काम सेव्ह करून संगणक नीट बंद करण्याइतका वेळ मिळाला की झाले. आणि घराची अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा, संगणक नंतर जोडा.

६. कॅबिनेट

मदरबोर्ड लहान-मोठ्या आकारांत येतात. मायक्रो-एटीएक्स बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो, पण पूर्ण एटीएक्स बोर्ड लहान कॅबिनेटमध्ये बसत नाही. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये पाहून कॅबिनेटच्या माहितीशी ताडावी. समोर काचेऐवजी जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे. आपल्याकडे एप्रिल-मे चा उन्हाळा आणि सोयाबीन-तुरीच्या राशीच्या दिवसांतली धूळ, दोन्ही असते. जाळीमागे धुतला जाणारा फिल्टर असेल तर फारच उत्तम.

७. जुना माल घेताना

कार्यालयांतून निघालेले ब्रँडेड संगणक स्वस्तात मिळतात आणि अभ्यासाला चांगले असतात. पण त्यांचे कॅबिनेट अरुंद असते आणि पॉवर सप्लाय बहुधा त्या कंपनीच्या खास मापाचा असतो, त्यामुळे मोठे कार्ड बसत नाही. अशा संगणकात बोर्डाच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅटवरच चालणारे, कमी उंचीचे कार्ड शोधावे लागते. इथे नाव नीट वाचा. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाची दोन कार्डे आहेत. ८ जीबीचे १३० वॅटचे आहे. ६ जीबीचे ७० वॅटचे असून त्याला बहुधा वेगळी वायर लागत नाही, पण ते वेगाने कमी आहे.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलच्या ८ व्या पिढीच्या पुढचा किंवा त्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना संगणक गेमसाठी घेऊ नये. जुने ग्राफिक्स कार्ड घेताना ते क्रिप्टोच्या खाणकामाला वापरलेले आहे का, हे विचारा. इथेरियमचे कार्डांवरचे खाणकाम सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाल्यावर अशी बरीच कार्डे बाजारात आली. डोळ्यांसमोर अर्धा तास गेम चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

८. जुळलेला एक नमुना

रायझन ५ ५६००, बायोस अपडेट केलेला बी५५० मायक्रो-एटीएक्स बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० पट्ट्या, आरएक्स ६६०० कार्ड, ५०० जीबी एनव्हीएमई, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि जाळीचे कॅबिनेट. प्रोसेसरच्या सीलबंद खोक्यात कूलर येतो, तोच पुरतो. ट्रे म्हणून सुटा प्रोसेसर घेतला तर कूलर वेगळा घ्यावा लागेल. हा संगणक फुल एचडीवर बहुतेक गेम नीट चालवतो. एएम५ घेतल्यास पुढे प्रोसेसर बदलायला वाव राहतो, पण बोर्ड आणि रॅम दोन्ही महाग पडतात.

९. बिल आणि हप्ता

प्रत्येक भागाचे जीएसटी बिल घ्यावे, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्यावा आणि खोकी किमान वर्षभर माळ्यावर ठेवावीत. वॉरंटीचे काम हैदराबाद किंवा पुण्याच्या सेवा केंद्रात असते, आणि तिथे बिलाशिवाय कोणी दाद घेत नाही. "बिनव्याजी हप्ता" या शब्दाला भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. व्याज किमतीत, सोडलेल्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात असते. रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज शेजारी-शेजारी लिहा, फरक दिसेल.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलांना नाही म्हणण्याआधी एक कोरा कागद द्या. डावीकडे भागाचे पूर्ण नाव, मध्ये तो ज्याच्याशी जुळायला हवा तो भाग, उजवीकडे जुळतो हे कुठे पाहिले त्याची नोंद. सॉकेट, बायोस, रॅमची जात, वॅट, वायरी, मिलिमीटर आणि मॉनिटरची वायर, अशा सात ओळी. मुलांनी त्या भरल्या, की तुम्ही एकेक ओळ विचारा. संगणकातले काही कळत नसले तरी चालेल, "हे कुठे पाहिलेस?" एवढे विचारायला कोणालाही येते. सातही ओळी भरल्या तर पैसे द्यायला हरकत नाही. एखादी रिकामी राहिली, तर ती भरेपर्यंत थांबावे. कागद मंडळाच्या बैठकीत आणलात तर आम्हीही पाहून देऊ.