टीओकेत गुण कुठे मिळतात?

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा करणाऱ्या प्रत्येकाला ‘थिअरी ऑफ नॉलेज’ (टीओके) घ्यावंच लागतं. लेखी परीक्षा नाही. १,६०० शब्दांपर्यंतचा निबंध आणि तीन वस्तूंचं प्रदर्शन, एवढंच. पण ‘ई’ श्रेणी आली तर डिप्लोमाच हुकतो.

दोन तृतीयांश भार निबंधाचा. दिलेल्या सहा विषयांपैकी एक निवडायचा, त्यातला शब्दही बदलायचा नाही. अनेक मुलं इथे तत्त्वज्ञांची नावं पेरत बसतात. खरं बळ नेमक्या उदाहरणात असतं. ‘विज्ञान बदलत राहतं’ हे वाक्य पोकळ आहे. आल्फ्रेड वेगेनर यांची गोष्ट भरीव. खंड सरकतात, हे त्यांनी १९१२ मध्ये मांडलं. किनारे जुळत होते, जीवाश्मही जुळत होते. पण खंडांना सरकवतं कोण, हे त्यांना पटवून देता आलं नाही. समुद्रतळाचे पुरावे आले आणि १९६० च्या दशकात भूवैज्ञानिकांचं मत फिरलं. कारण ठाऊक नसताना नुसत्या पुराव्याला ज्ञान म्हणायचं का? निबंध इथून सुरू होतो, आणि विरोधी बाजूही तितक्याच ताकदीने मांडावी लागते.

प्रदर्शनातही तेच. ‘एक नकाशा’ चालत नाही. आजोबांच्या कपाटातला, १९६० पूर्वीच्या मुंबई राज्याचा नकाशा चालतो.